डोळ्याभोवतीची गुलाबी कडा

पेंढाताईचं खरं नाव संग्रहालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. बेटावरचं सगळं गाव तिला पेंढाताईच म्हणे. मेलेल्या पक्ष्याची कातडी उतरवायची, साफ करायची, आत पेंढा भरून पुन्हा अशी शिवायची की बघणाऱ्याला वाटावं, आता उडेल. हे तिचं काम. पेंढा जाऊन कापूस आल्याला खरं तर जमाना झाला होता. "पण कापूसताई म्हणालात तर लोक मला सुईण समजतील," असं तीच हसत सांगे.

बाविसाव्या वर्षी ती संग्रहालयात झाडू मारायला लागली होती. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी एकदा तिला टेबलाखाली सांडलेले काचेचे डोळे गोळा करताना पाहिलं. तिनं ते नुसते भरून ठेवले नव्हते; घुबडाचे घुबडाच्या डबीत आणि बगळ्याचे बगळ्याच्या डबीत टाकले होते. मास्तरांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि चिमटा दिला. ते म्हणायचे, "वरून सगळे मेलेले सारखेच दिसतात गं. कशानं मेला ते कातडीच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. ते वाचायला शीक." ती शिकली. काचेवर आपटलेल्या पक्ष्याच्या छातीत रक्त कुठं साकळतं, मांजराचा दात कुठं लागतो, उपाशी गेलेल्याच्या छातीचं हाड कसं सुरीसारखं वर येतं, हे तिच्या बोटांना कळायला लागलं. पुढं मास्तर गेले, आणि तळमजल्यावरची उत्तरेच्या खिडकीची खोली तिची झाली. एक लांब टेबल, एक दिवा, डांबरगोळ्यांचा वास आणि भिंतीला टेकून दिवसभर घुरघुरणारा फ्रीझर. कुणाला कुठं मेलेला पक्षी सापडला की पिशवीत घालून तो इथं आणून द्यायचा, अशी त्या बेटावरची जुनी सवय होती.

लग्नाचं तिनं मनावर घेतलं नाही आणि पुढं कुणी विचारलंही नाही. धाकटा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर ती बस आगाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राही. भाऊ बस चालवायचा. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा, जेवताना सुद्धा घड्याळाकडं बघणारा माणूस. डोंगरातल्या जंगलातून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारा नवा रस्ता झाला, तेव्हा त्यावरची पहिली गाडी त्याच्याच हातात दिली गेली. उजाडायच्या आत सुटायची ती. पलीकडच्या गावातली माणसं दवाखान्यात, कारखान्यात, शाळेत वेळेवर पोचायची ती ह्या गाडीमुळं. आधी त्यांना बेटाला वळसा घालून यावं लागे, तीन तास जात. भावाला त्या फेरीचा अभिमान होता. बोलून दाखवत नसे, पण त्या दिवसांत तो गणवेशाला स्वतः इस्त्री करायचा.

रस्ता सुरू झाला त्या वर्षी, भर उन्हाळ्यात, तो एका सकाळी पहिली फेरी संपवून सरळ संग्रहालयात आला. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती.

"ताई, हे घे. वळणावर आडवा आला. मी ब्रेक मारला, पण हा हललाच नाही."

पिशवीत वुडकॉक होता. कबुतराहून थोडा मोठा, लांब सरळ चोचीचा, आणि अंगावर असे रंग की पालापाचोळ्यात बसला तर पाय पडेपर्यंत दिसू नये. गावातले लोक त्याला पाचोळ्याच म्हणत. दर हिवाळ्यात उत्तरेकडून हे पक्षी बेटावर येत, ओल्या मातीत चोच खुपसून गांडुळं खात, आणि थंडी सरली की परत जात. पेंढाताईनं असे कितीतरी भरले होते. कातडी ओल्या कागदासारखी पातळ. जरा हात जड पडला की फाटलीच.

तिनं टेबलावर कागद पसरला, पक्षी उताणा ठेवला आणि सुरी उचलली. मग ती थांबली. थंडी जाऊन तीन महिने झाले होते. झाडांची नवी पालवी जून झाली होती. पाहुणे केव्हाच आपापल्या घरी गेलेले. मग हा कोण राहिला?

तिनं दिवा जवळ ओढला. पक्ष्याच्या डोळ्याभोवती पिसं नव्हती. तिथं उघड्या कातडीची एक बारीक कडा होती, गुलाबी, एखाद्या रडून उठलेल्या माणसाच्या पापणीसारखी. तीस वर्षांत तिनं ही कडा पाहिली नव्हती. की पाहिली होती आणि लक्ष दिलं नव्हतं? तिच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळपर्यंत कातडी उतरवून, शिवून, वाळत ठेवली, आणि दोन दिवसांनी पाहिलं तर ती गुलाबी कडा गेली होती. वाळून मातकट झाली होती. आता हा पक्षी कपाटातल्या इतर कुठल्याही पाचोळ्यासारखा दिसत होता.

तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. जी खूण मेल्यावर दोन दिवसांत पुसली जाते, ती संग्रहालयातल्या कपाटात कुणाला कशी दिसणार?

साहेबांकडं, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांकडं, ती गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली होती, आणि तोवर कुठलंही कपाट उघडू नये, कुठलीही झाकली मूठ उघडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"आजारी असेल, मागं राहिला असेल," ते म्हणाले. "पेंढाताई, एक पक्षी उशिरा निघाला म्हणून काय कॅलेंडर बदलायचं?"

"तसं नाही साहेब. पायही लांब वाटले."

"वाटले?"

हा शब्द तिला लागला. खाली येऊन तिनं वुडकॉकचा कप्पा ओढला. एकसष्ट कातड्या होत्या, शंभरएक वर्षांतल्या. सगळ्यांच्या पायाला एकाच नावाची चिठ्ठी. तिनं मोजमापाचा चिमटा घेतला आणि एकेकाचा पाय मोजायला बसली. तीन दिवस लागले. जेवायला घरी गेली नाही. वहिनीनं डबा पाठवला, तो तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी टेबलावर दोन ढीग झाले होते. एकात बेचाळीस. दुसऱ्यात एकोणीस, आणि ह्या एकोणिसांचे पाय चार-पाच मिलिमीटरनं लांब होते. रंगही जास्त काळपट, शेवाळलेला. पहिल्या ढिगातल्या पक्ष्यांच्या गालावरच्या दोन गडद रेघा चोचीकडं जाताना एकमेकींजवळ येत. दुसऱ्या ढिगात त्या रुळांसारख्या समांतर धावत.

मग तिनं चिठ्ठ्यांवरच्या तारखा वाचल्या. पहिल्या ढिगातले सगळे हिवाळ्यात मेलेले. दुसऱ्या ढिगातले बाराही महिन्यांत. ते कुठून आले नव्हते आणि कुठं जाणारही नव्हते. इथलेच होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शंभर वर्षं घरचा माणूस पाहुण्याच्या नावानं कपाटात झोपला होता.

तिनं विद्यापीठातल्या एका पक्षी अभ्यासणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. आपलं शिक्षण किती आणि हुद्दा काय हे लिहायला तिला लाज वाटली, म्हणून तिनं नुसती एकसष्ट मापं लिहिली. बाई पुढच्याच आठवड्यात बोटीनं आल्या. चाळिशीतल्या, धावत जिना उतरणाऱ्या, खांद्याला पिशवी. टेबलावरच्या दोन ढिगांकडं बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"हे तुम्ही एकट्यांनी केलंत?"

"चुकलं असेल तर सांगा."

"चुकलं?" बाई स्टुलावर बसल्या. "ऐका. हा पहिला ढीग, हा तुमचा पाहुणा. हा अर्ध्या जगात आहे. उत्तरेच्या जंगलांत जन्मतो, हिवाळ्यात खाली उतरतो. दरवर्षी लोक लाखांनी मारतात, तरी कोटीच्या वर शिल्लक. धोक्यातल्या प्राण्यांची जगाची जी यादी असते, तीत ह्याच्या नावापुढं लिहिलंय, काळजीचं कारण नाही."

"आणि हा?"

"हा घरचा. हा फक्त अशा मोजक्या बेटांवर राहतो, जुन्या दाट जंगलात. सगळे मिळून काही हजार असतील. यादीत ह्याच्यापुढं ‘असुरक्षित’ असं लिहिलेलं आहे. ह्या बेटावर तो आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, कारण कुणी पाय मोजले नाहीत. दोघं सख्खे नाहीत, पण चुलत भाऊ म्हणा. एकाच कुळातले. म्हणून तर घात झाला. दोघांना एकच नाव दिलं की घरच्याचं मरण पाहुण्याच्या गर्दीत लपतं. हे दहा मेले काय आणि शंभर मेले काय, कागदावर दिसतं, कोटींतून शंभर गेले."

पेंढाताईनं एकोणिसाव्या कातडीवरचा कापूस बोटानं सारखा केला. "आणि हा उडत का नाही? माझा भाऊ म्हणतो, गाडी आली तरी उभाच राहतो."

"उडतो, पण नाइलाज झाला तर. ह्याचे डोळे पाहिलेत? डोक्याच्या पार मागं. मान न वळवता पाठीमागचं सुद्धा दिसतं. येणारं सगळं दिसतं त्याला. पण जमिनीवरून धावत येणारं काही आपल्याला मारू शकतं, हे ह्याच्या आजे-पणज्यांनी कधी पाहिलंच नाही. ह्या बेटावर तसं काही नव्हतंच. संकट आलं की स्तब्ध राहायचं, पाचोळा व्हायचं, एवढंच ह्याला येतं."

जाताना बाईंनी तिला एक काम सांगितलं. येणाऱ्या प्रत्येक वुडकॉकची नोंद करायची: पाहुणा की घरचा, कुठं सापडला, कशानं मेला.

त्या वर्षभरात घरचे अकरा आले. सहा गाडीनं मेलेले. त्यांची हाडं मोडलेली, कातडीच्या आत काळं रक्त. पण पाच जणांचं एकही हाड मोडलं नव्हतं. वरून पाहिलं तर खरचटलेलंही नाही. कातडी उलटी केली तेव्हा मानेच्या मागं दोन बारीक भोकं दिसली, शेजारी शेजारी, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. मांजराचे दात एवढे जवळ नसतात. तिनं पाचही कातड्या ओळीनं मांडल्या. पाचांची भोकं एकाच जागी होती.

"मुंगूस," भाऊ जेवताना म्हणाला.

बेटावर मुंगसं मुळात नव्हती. साप फार झाले म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणा शहाण्यानं ती बाहेरून आणून सोडली होती. पण इथला साप रात्री निघतो आणि मुंगूस फिरतं दिवसा. दोघांची गाठच पडेना. साप-मुंगसाचं वैर नावापुरतं उरलं, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटं करणाऱ्यांकडं मोर्चा वळवला. तरी इतके दिवस ती गावाच्या आसपास, शेतांच्या कडेनं होती. दाट जंगलात शिरत नव्हती.

"आता शिरतात?" तिनं विचारलं.

"रोज दिसतात. रस्त्याच्या कडेकडेनं पळत असतात. मोकळी वाट मिळाली ना त्यांना." भावानं घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात ठेवला. "ताई, त्या सहातले माझ्या गाडीचे किती?"

ती भात कालवत राहिली.

"सांग ना."

"चार."

"मी काय मुद्दाम मारतो? चाळीस माणसं असतात मागं. कुणी डायलिसिसला निघालेलं असतं. त्या वळणावर मी जोरात ब्रेक मारला तर उभी माणसं एकमेकांवर पडतात. परवा एक म्हातारी पडली. आगारातून लेखी विचारणा आली मला. तुझ्या पाखरापायी!"

"मी तुला काही म्हटलं का?"

"तू लिहून ठेवतेस. ते म्हणण्यापेक्षा वाईट."

वहिनीनं पाण्याचा तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला, जणू भिंत. त्यानंतर भाऊ पक्ष्यांविषयी बोलेनासा झाला. संग्रहालयात येईनासा झाला. बहीण-भावात भांडण असं नव्हतं. मीठ पुढं सरकवायला सांगण्याएवढं बोलणं चालू होतं. पण घरात काहीतरी कुजल्यासारखं वाटे, आणि वास कुठून येतो ते कळू नये तसं ते तिघं वावरत.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पाहुणे आले, नेहमीसारखे. त्यांतले सात तिच्या टेबलावर पोचले. घरचा एकही नाही. उन्हाळा लागला, तरी एकही नाही. फ्रीझरमध्ये तिनं घरच्यांसाठी एक ट्रे वेगळा ठेवला होता. त्यावर नुसतं बर्फ साचत गेलं. ती रोज सकाळी येऊन आधी तो ट्रे ओढून बघायची आणि पुन्हा आत ढकलायची.

साहेब मात्र खूष झाले. वर्षाच्या अहवालात त्यांनी तिची नोंद घेतली होती. "बघा, गेल्या वर्षी अकरा, यंदा शून्य. म्हणजे रस्ता आता पक्ष्यांच्या अंगवळणी पडला. वनखात्याला तसं कळवून टाकलं मी. रुंदीकरणाचं काम अडकलं होतं, ते आता मोकळं होईल."

"साहेब, शून्य म्हणजे चांगलंच असं कुठं आहे?"

"मरण कमी झालं तरी तुम्हाला दुःख! आता काय करावं तुमच्यापुढं?" ते हसले.

ती खाली आली आणि टेबलाशी बसून राहिली. घरच्यांपैकी कुणी मरत नाही, ह्याची दोनच कारणं तिला सुचत होती. एक, ते मरतात, पण भाऊ तिला आणून देत नाही. विचारणा नको, बहिणीची वही नको, म्हणून पायानं कडेला ढकलून देतो. आणि दुसरं कारण ती मनात पुरतं म्हणतही नव्हती. भावानं खोटेपणा केलेला असावा, अशी ती जन्मात पहिल्यांदा मनापासून इच्छा करत होती.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठली आणि भावाच्या गाडीत जाऊन दारापाशी, त्याच्या मागच्या आसनावर बसली. त्यानं आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली. गाडी गावाबाहेर पडली, चढ लागला, दोन्ही बाजूंना झाडं आली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मागं प्रवासी माना टाकून पेंगत होते. दिव्यांच्या उजेडात रस्ता ओला दिसत होता, आणि वळणावळणाला कडेचं गवत हलत होतं. वारा नव्हता.

ते वळण आलं. भावानं वेग इतका कमी केला की गाडी चालतेय की थांबलीय कळेना. रस्ता रिकामा होता. पलीकडच्या कडेनं एक लांबट, पिंगट जनावर बाहेर आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, गाडीकडं बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडून गेलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

"तू इथं रोजच एवढा हळू घेतोस?" तिनं विचारलं.

"वर्ष होत आलं. निघतो दहा मिनिटं आधी. आगारात कुणाला सांगितलेलं नाही."

 तरी तिनं विचारलं, कारण विचारायलाच ती आली होती. "खरं सांग. मेलेले सापडतात ना तुला? कडेला टाकून देतोस ना? मी रागावणार नाही. टाकून देत असशील तर बरंच आहे."

त्यानं गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि मान वळवून तिच्याकडं बघितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

"ताई, तुझी शप्पथ. मागच्या पावसाळ्यापासून मला एकही दिसला नाही. मेलेला नाही आणि जिवंतही नाही. मी रोज बघतो. आधी वाटायचं, सुटलो. आता वाटतं, एखादा तरी आडवा यावा."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो? बंद पडली काय?"

"नाही, निघतोय," भाऊ म्हणाला, आणि गाडी पुढं निघाली.

त्याच आठवड्यात तिनं बाईंना बोलावून घेतलं. दोघी चार पहाटा त्या जंगलात उभ्या राहिल्या. हा पक्षी जोडीच्या दिवसांत अंधुक उजेडात बोलतो, बाई म्हणाल्या, आणि हेच ते दिवस होते. रस्त्यापासून शंभर पावलांवर, पाचशे पावलांवर, ओढ्याच्या काठी, सगळीकडं त्या कान लावून थांबल्या. काही ऐकू आलं नाही. ओल्या मातीत चोचीची भोकं असायला हवी होती, तीही नव्हती. मुंगसाची विष्ठा मात्र दर वळणावर होती. एका विष्ठेत पेंढाताईला पिसाचा तुकडा दिसला. तिनं तो चिमट्यानं उचलला, उजेडात धरला आणि कागदात बांधला.

वनखात्याच्या कचेरीत रुंदीकरणावर बैठक झाली, तेव्हा बाईंनी तिला बरोबर नेलं. लांब टेबल, बाटलीबंद पाणी, साहेबही होते. कुणीतरी अहवाल वाचला: मृत्यू शून्य, सबब हरकत नाही. बाई बोलायला उठल्या, पण एका अधिकाऱ्यानं मध्येच विचारलं, "वुडकॉक तर जगभर आहे ना? यादीत काळजीचं कारण नाही असंच लिहिलंय की."

पेंढाताई उठून उभी राहिली.  तिनं पिशवीतून दोन कातड्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"तुम्ही वाचलंत ते ह्याच्याबद्दल आहे. हा पाहुणा. यंदाही आला, पुढंही येईल. मेलेही सात. हा दुसरा घरचा. गेल्या वर्षी अकरा मेले, यंदा एकही नाही. साहेब, मी तीस वर्षं मेलेल्यांचंच काम करते. मरायला आधी जिवंत असावं लागतं. माझ्या ट्रेत कुणी येत नाही, कारण रस्त्यालगत मरायला आता कुणी उरलेलं नाही."

 मग तिनं मानेवरच्या भोकांच्या पाच कातड्या काढल्या आणि उलट्या करून दाखवल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते बराच वेळ पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "माझा अहवाल मी मागं घेतो." त्यांच्या नोकरीतलं ते बहुधा एकमेव धाडस.

रुंदीकरण थांबलं, रद्द झालं नाही, थांबलं. जंगलात मुंगसांसाठी सापळे लावायची मंजुरी मिळाली, दोन माणसं नेमली गेली. पहिली गाडी उजाडल्यावर सोडायची असं ठरलं. दवाखान्याच्या वेळा थोड्या पुढं सरकवाव्या म्हणून भाऊ स्वतः जाऊन भांडून आला. काही प्रवासी त्याच्यावर अजून राग धरून आहेत. एकानं तर त्याला तोंडावर सांगितलं, "माणसापेक्षा पाखरू मोठं झालं तुम्हाला." भावानं गाडीचं दार उघडलं आणि त्याला बसायला सांगितलं.

वर्ष गेलं. सापळ्यांत मुंगसं सापडत होती, दर महिन्याला पहिल्यापेक्षा जास्त. आकडा चढतोय हे यश मानायचं की जंगलात ती किती भरली आहेत त्याचा हा नुसता अंदाज, हे कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. बाईंनी खोल दरीत, रस्त्यापासून दोन तासांच्या चालीवर, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे आठ कॅमेरे झाडांना बांधले. पाच महिने त्यांत पानं, सरी आणि रानउंदीर येत राहिले.

मग एक दिवस बाई जिना उतरून आल्या, ह्या खेपेला हळूहळू, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मी काही बोलत नाही. तुम्ही सांगा."

फोटो करड्या उजेडातला होता. पाचोळ्यात पाचोळ्या उभा. पेंढाताईनं आधी पाय बघितले, मग गालावरच्या रेघा, मग डोळा. जिवंत डोळ्याभोवती तिनं ती कडा ह्याआधी कधी पाहिली नव्हती. मेल्यावर दिसली होती त्याहून ती उजळ होती.

"घरचा," ती म्हणाली. तिच्या तोंडून हुंदका फुटला आणि हसूही आलं. "घरचाच आहे."

"वेळ बघा. पाच बेचाळीस," बाई म्हणाल्या. "आता पुढचा फोटो. पाच शेहेचाळीस."

पुढच्या फोटोत तीच जागा होती, तोच दगड. पक्षी नव्हता. तिथं मुंगूस उभं होतं, नाक जमिनीला लावून.

त्यानंतरच्या फोटोंत नुसती पानं होती.

सापळेवाले दोघं त्या दरीत महिन्यातून एकदा जात. पेंढाताईला तेवढा धीर नव्हता. पुढच्या रविवारी भाऊ गणवेश न घालता पहाटे तयार होऊन दारात उभा राहिला. पाठीवर चार सापळे बांधलेले. वहिनीनं डबा दिला आणि म्हणाली, "दोघंही पन्नाशी उलटलेली. पडलात-झडलात तर तुमच्यात कापूस भरायला कोण आहे?" ती हसत नव्हती. तिनं पायरीवर उभं राहून दोघं गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघितलं.

तेव्हापासून ते दर रविवारी जातात. पहिल्या तीन महिन्यांत त्या दरीत त्यांना सात मुंगसं सापडली. मेलेलं जनावर सापळ्यातून काढायचं काम भाऊ करतो. पेंढाताई तोंड फिरवत नाही, पण हातही लावत नाही. तो पक्षी त्या काळात आणखी दोनदा कॅमेऱ्यात आला. दोन्ही वेळा एकटाच. एकच आहे की वेगवेगळे, हे फोटोवरून सांगता येत नाही असं बाई म्हणतात. पेंढाताईनं डाव्या पंखावरचं तेच तुटकं पीस दोन्ही फोटोंत पाहिलं आहे. ते तिनं अजून बाईंना सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं. दुपारी खोलीत बसून एकेक फोटो बघायला घेतला. चारशे बारा होते. पानं. रानउंदीर. धुकं. मुंगूस. पुन्हा पानं. मग दोन माणसं आली, पाठमोरी, सापळ्यावर वाकलेली, एकाचा हात दुसरीच्या पाठीवर आधाराला टेकवलेला. आपण दोघं एवढी म्हातारी कधी झालो, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं चष्मा वर सरकवला आणि पुढचा फोटो उघडला. अजून दोनशे साठ राहिले होते.